दोन दिवसांची दाढी

हॉयल टीगसाठी ठरवलेलं डोकं परीक्षेच्या दिवशी अगदी वेळेवर आलं, पण आलं ते गुळगुळीत दाढी करून. डोकं म्हणजे मर्ल नावाचा माणूस, चर्चच्या निवाऱ्यात राहणारा. एरवी ज्याच्या गालावर कायम आठवड्याची खुंटं असत असा. त्या दिवशी त्यानं कुणाकडून तरी टाय मागून घेतला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता आणि गाल असे तासले होते की ते तांबूस दिसत होते. ‘‘सरकारी माणसांपुढे जायचं,’’ तो म्हणाला, ‘‘म्हटलं जरा माणसासारखं दिसावं.’’ हॉयलनं गाडी सुरू केली. राजधानीतल्या त्या कचेरीत खिडकीमागे बसलेल्या बाईनं मर्लच्या गालावर एकदा नजर टाकली आणि कागद परत सरकवला. न्हाव्याच्या परवान्याची परीक्षा. तिला उमेदवारानं आपला माणूस आपण आणायचा, केस दोन इंच वाढलेले, दाढी दोन दिवसांची. ‘‘वस्तरा फिरवणार कशावर तुम्ही?’’ बाई म्हणाली. ‘‘लिहिलंय सगळं. आता तीन आठवड्यांनी, गुरुवारी.’’ मागे रांगेत बाकीचे उमेदवार उभे होते, सगळे विशीतले, आणि प्रत्येकाबरोबर एक तरी भाऊ, मामा, मेव्हणा, शेजारी, दाढी वाढवून आलेला. परतीच्या तासाभराच्या रस्त्यात मर्ल सारखा स्वतःचा गाल चाचपत होता. अर्ध्या वाटेवर म्हणाला, ‘‘उगवेल की पुन्हा.’’ पण पुढच्याच सोमवारी तो बहिणीकडे जॉर्जियाला निघून गेला, दाढीसकट.

तीन आठवड्यांनी गुरुवार, आणि त्यानंतरच्या शनिवारी सरकारची मदत संपत होती. परदेशी मालानं ज्यांची गिरणी बंद पाडली त्यांना सरकार दोन वर्षं पोसतं आणि नवं काम शिकवतं, ती मदत. हॉयलची दोन वर्षं भरत आली होती. केशकर्तनाच्या शाळेतले मास्तर मिस्टर केंड्रिक यांनी स्वतःच्या दुकानातली खिडकीजवळची खुर्ची त्याच्यासाठी महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. परवाना नाही तर खुर्ची नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं कोण विचारतंय. मर्लची हकीकत ऐकून वर्गातली पोरं पोट धरून हसली. केंड्रिक हसले नाहीत. सत्तरीचा काळा, ताठ माणूस. पन्नास वर्षं उभ्यानं काम केलेला. त्यांनी हॉयलला बाजूला घेतलं. ‘‘टीग, मर्लला मी आणलं, चुकलं माझं. आता कुणाला आणणार नाही. या गावात जन्मलास, सव्वीस वर्षं गिरणीत काढलीस, आणि तुला एक डोकं मिळत नाही?’’

‘‘मिळेल की.’’

‘‘मिळव. ज्याला स्वतःच्या गावात एक माणूस विश्वासानं गळा देत नाही, त्यानं खुर्ची मांडून बसायचं तरी कशाला?’’

ते वाक्य घेऊन हॉयल घरी स्वयंपाकघरात आला. मग त्यानं कागदाच्या पिशवीच्या पाठीवर गावातली डोकी लिहायला घेतली. शेजारचे म्हातारे मिस्टर गॉफ, ते टकले. चर्चमधले पाद्री, पण चर्चला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांनी दारात उभं राहून एकदम केस मागायचे म्हणजे काय. सकाळी नाक्यावरच्या टपरीत कॉफी प्यायला जमणारी गिरणीची माणसं. तिथंही तो जात नव्हता. मुलगी ट्रेसी ॲरिझोनात, रविवारी फोन करणारी, जावई तिच्याहून दूर, म्हणजे त्याच घरात पण फोनवर कधी न येणारा. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की आपण नावं लिहीत नाही, खोडतोय. पिशवीवर शेवटी एकच नाव, गिरणीतल्या जुन्या सोबत्याचं, लिहायचं राहिलं आणि ते त्यानं लिहिलं नाही. खिडकीशी तीन पायांचं स्टूल होतं. त्यावर बसवून फेय, त्याची बायको, महिन्यातून एकदा त्याचे केस कापायची. बडबडत, मध्येच कात्री ओट्यावर ठेवून शिजत असलेली घेवड्याची भाजी ढवळत. ती गेल्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर त्याच्या मानेला कुणाचा हात लागला नव्हता. रोजगार कचेरीतल्या मुलीनं शिकायच्या कामांची यादी पुढे केली होती, ट्रक चालवणं, थंड हवेची यंत्रं, आजाऱ्यांची सेवा, संगणक. तेव्हा ‘न्हावी’ या शब्दावर त्याचं बोट थांबलं ते त्यामुळेच. मुलीला त्यानं सांगितलं, की हातात कसब आहे, वाया जाऊ नये. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं. दिवसातून दहा माणसं येऊन डोळे मिटून आपल्या हाताखाली बसतील, एवढंच त्याला हवं होतं. एकटेपणानं माणूस कुठल्या थराला जातो, हे त्याला स्वतःचंच नवल वाटलं होतं.

शाळेत आधी माणसं मिळाली नाहीत, फुगे मिळाले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस उतरवायचा. फुगा फुटला तर गळा कापला असं समजायचं. पहिल्या आठवड्यात हॉयलनं अकरा गळे कापले. पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणत आणि प्रत्येक फुग्याला नाव ठेवून त्याच्या मयताला टोप्या काढत. मग हळूहळू बोटांना आठवायला लागलं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा शोधताना जशी बोटं डोळ्यांच्या आधी पोचायची, तशी ती फेसाखालच्या रबराला पोचू लागली. चौथ्या महिन्यापासून फुगा फुटला नाही. न फुटलेला पहिला फुगा तो घरी घेऊन आला होता. स्टुलावर ठेवला, आणि दोन दिवस तो फुगा हळूहळू बारीक होत तिथंच बसून राहिला.

साचेखातं म्हणजे आवाजाचंच घर होतं. चारशे साचे एकदम चालायचे तेव्हा शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून तिथं सगळे ओठांनी बोलत. आवाज न काढता, ओठ ताणून, भुवया उडवून. नवा माणूस सहा महिन्यांत शिकायचा, जुना माणूस साच्यांमधल्या सहा गल्ल्या पलीकडल्याचे ओठ वाचायचा. हॉयलच्या तिरक्या समोर, सहा गल्ल्या सोडून, ग्रेडी स्वॉफर्ड. सव्वीस वर्षं त्या दोघांनी त्या सहा गल्ल्यांवरून सगळं बोलून घेतलं. ट्रेसी जन्मली ते, ग्रेडीचा बाप गेला ते, फेयच्या छातीत गाठ निघाली ते. गंमत अशी, की गिरणीच्या फाटकाबाहेर पडल्यावर ग्रेडी तोंडानं बोलला की तो आवाज हॉयलला दुसऱ्याच कुणाचा वाटायचा, आणि दोघेही जरा संकोचायचे. ग्रेडीचे कान तर चाळिशीतच गेले. त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं, निदान तो तसं दाखवायचा. साचा बिघडला की जॉबर, म्हणजे साचे दुरुस्त करणारा मुकादम, हातोडी घेऊन येण्याआधी ग्रेडी त्या साच्यावर पंजा ठेवून उभा राहायचा आणि मग सांगायचा, डावीकडचा पट्टा, किंवा खालचा दात, आणि तेच असायचं. आणि हॉयलची तो एक खोडी काढायचा. हॉयल बोलायला लागला की त्याचे हात थांबायचे. सगळे बायाबाप्ये बोलता बोलता धाग्याला गाठी मारायचे, हॉयलला ते कधी जमलं नाही. ‘तुझं एका वेळी एकच यंत्र चालतं,’ ग्रेडी सहा गल्ल्यांवरून म्हणायचा, ‘तोंड नाहीतर हात.’ एकदा साच्यातला धोटा उडून ग्रेडीच्या डाव्या कानामागे लागला. हॉयलनंच धावत जाऊन चिंधी दाबून धरली होती, दवाखान्यापर्यंत, आणि सबंध वाट त्याच्या बोटांमधून ते ऊन ऊन रक्त येत होतं. ती मान त्याला त्या दिवसापासून ठाऊक होती.

गिरणी एका दिवसात बंद पडली नाही. आधी मार्चमध्ये चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यांत ग्रेडी, बहिरा म्हणून. उरलेल्यांना पुढच्या जानेवारीत. हॉयलला मात्र ठेवलं. साचे विकले होते, दुसऱ्या देशात जायचे होते, ते सोडवून पेट्यांत भरायला जाणता हात हवा होता. मॅनेजर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘टीग, आणखी नऊ आठवडे काम आहे. फक्त त्या कागदाबिगदांच्या भानगडीत पडू नकोस.’’ कागद म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज. त्याला कामगारांच्या निदान तीन सह्या लागत. ग्रेडीनं आपली केली होती, नेल्मा नावाच्या एका विणकरणीनं केली होती, आणि ग्रेडी तिसऱ्यासाठी दारोदार फिरत होता. लोक घाबरत होते. सही करणाऱ्याला गिरणी शेवटचा हिशेब देणार नाही अशी आवई उठली होती. घाई होती ती यासाठी, की अर्जावर जी तारीख पडेल तिच्या आधीच्या एकाच वर्षात ज्यांचं काम गेलं त्यांनाच सरकार धरतं. ग्रेडीचं वर्ष मार्चमध्ये संपत होतं. फेब्रुवारीत तो हॉयलला रस्त्यात भेटला. ‘‘ये रविवारी,’’ हॉयल म्हणाला, ‘‘करतो सही.’’

त्या रविवारी हॉयलनं आपली गाडी मुद्दाम मागच्या गल्लीत नेऊन लावली. पडदे ओढले. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला, बाहेरच्या दारापासून पाच पावलांवर. रेडिओवर गाड्यांची शर्यत लागली होती, मोसमातली पहिली, आणि ती तशीच मोठ्यानं चालू होती. ग्रेडीला कुठे ऐकू येणार? मग दारावर थाप पडली. तीनदा, मग पुन्हा तीनदा. हॉयलनं श्वास धरला. बहिऱ्या माणसाला चुकवायला श्वास धरायचा, आणि रेडिओ बोंबलत ठेवायचा. आपण किती हास्यास्पद आहोत हे तेव्हाही त्याच्या लक्षात आलं होतं, तरी त्यानं श्वास सोडला नाही. ग्रेडी लवकर गेला नाही. दाराच्या काचेवरच्या पडद्यातून त्याच्या टोपीची सावली दिसत होती. एवढा वेळ कशाला उभा होता कुणास ठाऊक. शेवटची फेरी झाली, कुणीतरी जिंकलं, हॉयलनं हात लांब करून रेडिओ बंद केला. त्यानंतर जरा वेळानं पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

तिसरी सही एप्रिलअखेर मिळाली, नेल्माच्या दिराची. अर्ज मंजूर झाला. पत्र आलं त्यात तारीख होती. गेल्या वर्षीच्या एप्रिलअखेरीनंतर ज्यांचं काम गेलं ते सगळे पात्र. हॉयल पात्र. नेल्मा पात्र. ज्यानं अर्ज घेऊन सगळं गाव पालथं घातलं तो ग्रेडी सहा आठवड्यांनी बाहेर. ग्रेडीला थंड हवेच्या यंत्रांचं काम शिकायचं होतं. ‘‘मोटरवर हात ठेवला की मला कळेल,’’ असं तो नेल्माला म्हणाला होता. आता तो हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाच्या आवारात ढकलगाड्या गोळा करायचा. हे हॉयलला कळल्यावर काही दिवसांतच त्यानं टपरी सोडली, चर्च सोडलं. कुणी त्याला काही बोललं नव्हतं. पण टपरीत तो शिरला की बोलणं थांबतंय असं त्याला वाटायचं, पाद्री हात मिळवताना हात लवकर सोडतायत असं वाटायचं. ग्रेडीनं सांगितलं असणारच, की हॉयलनं बोलावलं आणि दार उघडलं नाही. कोण नाही सांगणार? तो स्वतःच असता तर त्यानं सांगितलं असतं. आणि मग सकाळी उठून तो त्याच मदतीवर शाळेत जायचा, त्याच मदतीचं खायचा, आणि फुग्यांच्या दाढ्या करायचा. दोन वर्षं तो असा गावात राहून गावाबाहेर राहिला. रात्री झोप लागायची. तेवढं बरं होतं. पण सकाळी जाग आली की पहिली एक-दोन मिनिटं काही आठवायचं नाही, आणि मग आठवायचं. त्याला मर्लचा हेवा वाटला होता. मर्लला निदान बहीण होती.

शेवटच्या गुरुवारला पाच दिवस उरले तेव्हा तो दुकानाच्या आवारात गेला. गाडी लांब लावली, गाडीतच बसून राहिला, मग उतरला. ग्रेडी पलीकडच्या टोकाला होता, गाड्यांच्या पाच-सहा रांगा सोडून, नारिंगी जाकीट घातलेला, वीसेक ढकलगाड्यांची लांबलचक माळ ढकलत. म्हातारा झाला होता. त्यानं वर पाहिलं, आणि पाहिल्यावर थांबला. दोघांत साधारण साचेखात्यातलंच अंतर होतं. ग्रेडीनं भुवई उडवली, आणि आवाज न काढता ओठ हलवले.

‘‘काय रे?’’

हॉयलच्या ओठांना ते इतक्या वर्षांनी जमेल असं त्याला वाटलं नव्हतं. जमलं. ‘‘केस कापायचेत.’’

‘‘मग जा न्हाव्याकडे. इथं कांदेबटाटे मिळतात.’’

‘‘तुझे. मी कापणार. परीक्षा आहे माझी. डोकं लागतं. आणि दाढी, दोन दिवसांची.’’

ग्रेडी हसला. एक बाई मध्येच सामान घेऊन गेली, तिनं या दोन मुक्या माणसांकडे वळून पाहिलं. ‘‘एवढं गाव पडलंय, आणि माझंच डोकं?’’

‘‘दुसरं मिळालं नाही.’’

‘‘हे बरंय. मागताना असं म्हणतात होय रे गाढवा?’’ मग, ढकलगाडीला टेकून, ‘‘कधी?’’

‘‘गुरुवारी. राजधानीला. सातला निघू.’’

‘‘चारच्या आत आणून सोडशील? चारला माझी पाळी आहे.’’

‘‘सोडतो.’’

‘‘दोन दिवसांचीच? चारची ठेवतो हवी तर, माझं काय जातंय.’’

‘‘दोनची.’’

बस, एवढंच. हॉयल घरून शिव्या ऐकायची तयारी करून आला होता. नकाराला काय उत्तर द्यायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. होकाराचं काय करायचं ते त्याला सुचेना. त्या रविवारी मी घरात होतो, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं, खरंच आलं, आणि तेवढ्यात पावाची मोठी गाडी मधून गेली. ती सरकली तोवर ग्रेडीनं पाठ फिरवून माळ ढकलायला घेतली होती. साचेखात्यात बोलणं संपवायची तीच रीत होती, पाठ फिरवायची. हॉयल घरी आला तो सुटल्यासारखा नाही, अडकल्यासारखा. का हो म्हणाला असेल? तिथं वस्तऱ्याखाली बसून, परीक्षकांसमोर, सगळ्यांदेखत उठून जाण्यासाठी? तसं केलं तरी त्याला बोल लावता आला नसता. चार दिवस त्यानं वस्तरा पट्ट्यावर घासला.

गुरुवारी ग्रेडी पायरीवर बसूनच होता. चर्चचा सदरा, गालांवर पांढरी खुंटं, बरोबर दोन दिवसांची. रस्त्यात बोलणं शक्यच नव्हतं. हॉयलचे डोळे समोर, हात चाकावर. ग्रेडीला दिसणार तो फक्त त्याचा एक गाल, आणि एका गालावरून कुणी काय वाचणार. तासभर ते दोघे शेजारी शेजारी असे बसले होते, जसे कुठल्याच दोन माणसांनी बसू नये. देवदारांची रांग गेली, बंद पडलेली आणखी एक गिरणी गेली. एकदाच ग्रेडी मोठ्यानं बोलला, बहिऱ्या माणसाच्या त्या बेताल मोठ्या आवाजात, आणि हॉयल दचकला. ‘‘रेडिओ लाव हवा तर!’’ ग्रेडी म्हणाला. ‘‘मला त्रास नाही त्याचा!’’ हॉयलनं मान हलवली. लावला नाही.

परीक्षेच्या दालनात आरशांची रांग होती. राखी कोट घातलेली परीक्षक बाई फळीला लावलेला कागद घेऊन मागे फिरत होती. ‘‘उमेदवारानं आणि माणसानं आपसात बोलायचं नाही,’’ तिनं सांगितलं. ‘‘बोललात तर गुण जातील.’’ हॉयल तेरा नंबर. त्यानं ग्रेडीच्या गळ्याशी पांढरं कापड बांधलं, आणि मग त्याला हात लावावाच लागला. मान तीच होती, जरा सुरकुतलेली. डाव्या कानामागे तो व्रण, त्यावर केस उगवत नव्हते. फणी तिथून नेताना हॉयलची बोटं आपोआप हलकी झाली. कात्री चालू लागली आणि चालता चालता त्याला बरं वाटू लागलं, इतकं बरं की त्याची त्याला लाज वाटली. ऊन कातडी, केसांखालची कवटी, खालीवर होणारा श्वास. दोन वर्षं फुगे, कापडाची डोकी आणि वर्गातली ओळखदेख नसलेली पोरं. हे एक डोकं त्याला ओळखत होतं. परीक्षक बाई मागे उभी राहिली, व्रणाच्या कडेची रेघ वाकून पाहिली आणि कागदावर काही लिहून पुढे गेली.

मग दाढी. गरम टॉवेल पिळून चेहऱ्यावर ठेवायचा, नाक तेवढं मोकळं. हॉयलनं खुर्ची मागे कलती केली, टॉवेल ठेवला, आणि ग्रेडीचे डोळे झाकले गेले. समोरच्या आरशात आता फक्त तो एकटा होता, आणि पांढऱ्या टॉवेलातून वर आलेलं एक नाक. त्यानं टॉवेलावर दोन्ही हात ठेवले. आणि त्याचे ओठ हलायला लागले. त्या रविवारी मी घरात होतो, तो म्हणाला, बिनआवाजी. पाच पावलांवर होतो. नऊ आठवड्यांसाठी. नऊ आठवडे साचे सोडवत होतो रे, तुझाही सोडवला, त्याच्या खाली तुझी तंबाखूची डबी सापडली, ती माझ्याकडे आहे. सही केली असती तर तुलाही मदत मिळाली असती. माझं कुणी नाही ग्रेडी, तुला तरी कुठल्या तोंडानं विचारलं मी. तो बोलत राहिला. ज्याला ऐकू येत नाही आणि आता दिसतही नाही अशा माणसाला सगळं सांगून टाकणं किती सोपं होतं.

‘‘तेरा नंबर,’’ परीक्षक बाई म्हणाली, ‘‘काही अडचण?’’

‘‘नाही, मॅडम.’’

त्यानं टॉवेल काढला. खुर्ची जरा वर घेतली, फेस लावला, वस्तरा उघडला. आरशात ग्रेडीचे डोळे उघडे होते, फेसाच्या वर, आणि थेट त्याच्याकडे बघत होते. फेसातून ओठ हलले.

‘‘काय बोलत होतास?’’

हॉयलनं मान हलवली. काही नाही.

‘‘थापा मारू नकोस. हात थांबले होते तुझे. आता डोळे उघडेत माझे. बोल.’’

बाई दोन खुर्च्या पलीकडे होती. आवाज कुणाचाच निघत नव्हता. हॉयलनं आरशात पाहिलं, आणि त्या सगळ्यातलं त्याला एकच वाक्य आठवलं. ‘‘त्या रविवारी मी घरात होतो.’’

‘‘माहितेय.’’

‘‘कसं?’’

पांढऱ्या कापडाखाली ग्रेडीचा उजवा हात हलला. कापड वर उचललं गेलं. खाली पंजा होता, पसरलेला, समोर काहीतरी असल्यासारखा. ‘‘दार थरथरत होतं,’’ ग्रेडी म्हणाला. ‘‘शर्यत ना? वळणावर गाड्या आल्या की जास्त.’’

हॉयलचे ओठ पुन्हा हलले. ‘‘आणि तू कुणाला... गावात...?’’

‘‘सांगायचंय काय त्यात? बायकोलाही नाही सांगितलं.’’ ग्रेडीनं खांदे उडवले, कापडाखाली. ‘‘उभा राहिलो. म्हटलं, शर्यत ऐकतोय, संपली की उघडेल.’’

म्हणजे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. टपरीतलं बोलणं थांबत नव्हतं. पाद्री हात लवकर सोडत नव्हते. दोन वर्षं दार आतूनच लावलेलं होतं, आणि त्याची पाच पावलं त्यालाच चालता आली नव्हती. त्याला माफ कर म्हणायचं होतं. तो शब्द ओठांवर जमत होता, साधा, दोन्ही ओठ मिटूनच सुरू होणारा.

‘‘आठ मिनिटं,’’ परीक्षक बाई म्हणाली.

‘‘चारला पाळी आहे माझी,’’ ग्रेडी आरशातून म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे बोलणं संपलं. आता काहीही म्हटलं तरी पोचणार नव्हतं. मग त्यानं हनुवटी वर केली. फेसाखाली गळा ताणला गेला, त्यातली शीर उडताना दिसत होती. हॉयलनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धरली, ओठ घट्ट मिटले, आणि वस्तरा टेकवला.